अर्ध्या तासाचा हिशोब: अणुबॉम्ब पुन्हा पडला का नाही, आणि करार संपल्याने काय बिघडतं

५ फेब्रुवारी २०२६ ला अमेरिका आणि रशिया यांच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्ट नावाच्या कराराची मुदत संपली. बातमी आपल्याकडेही आली, एखादा दिवस टिकली आणि गेली. माझ्या मावशीने मात्र ती टीव्हीवर बघून मला फोन केला आणि सरळ विचारलं, "अरे, जपानवर दोन टाकले, मग पुढची ऐंशी वर्षं कुणीच कसा टाकला नाही?" मी म्हटलं, अगं मावशी, सगळेच घाबरतात म्हणून. त्यावर ती म्हणाली, "घाबरलेला माणूसच आधी हात उचलतो की."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या वाक्यावर विचार करत होतो, कारण अणुयुद्धाचा अर्धा अभ्यास त्या एका वाक्यात येतो. घाबरल्यामुळे शांतता राहते हे खरं आणि घाबरल्यामुळेच युद्ध पेटू शकतं हेही खरं. मग आजवर पेटलं का नाही? माझ्या मते याचं उत्तर मोठ्या तत्त्वांपेक्षा घड्याळात जास्त सापडतं. निर्णय घ्यायला हातात किती मिनिटं होती आणि त्या मिनिटांत समोर कोण बसलं होतं, यात. ते नीट कळावं म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

आधी बॉम्बचा आकार

अणुबॉम्बची ताकद किलोटनमध्ये मोजतात. एक किलोटन म्हणजे एक हजार टन टीएनटी स्फोटकं एकदम उडवणं. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर पडलेला बॉम्ब साधारण १५ किलोटनचा होता. दहा टनी ट्रक डोळ्यासमोर आणा, असे दीड हजार ट्रक स्फोटकांनी भरून एका जागी उभे केलेत आणि सगळे एकाच क्षणी उडाले, तेवढा. तीन दिवसांनी नागासाकी. वर्षअखेरपर्यंत दोन्ही शहरं मिळून दोन लाखांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे, काही त्याच क्षणी, काही भाजून आणि बरीच किरणोत्सर्गाने हळूहळू.

पण पुढच्या बॉम्बसमोर तो लहानच होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९५२ मध्ये अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची पहिली चाचणी केली, त्यात पॅसिफिकमधलं एक छोटं बेट नकाशावरूनच गेलं. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटांवर जी चाचणी झाली ती १५ मेगाटनची, मेगाटन म्हणजे हजार किलोटन, म्हणजे एक बॉम्ब हिरोशिमाच्या हजार पट. शास्त्रज्ञांचा स्वतःचा अंदाज याच्या निम्म्याहूनही कमी होता, तो चुकला. ठरवलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर एक जपानी मासेमारी बोट होती, तिच्यावरच्या २३ जणांवर पांढरी राख पडली, सगळे आजारी पडले आणि बोटीचा रेडिओ ऑपरेटर त्याच वर्षी वारला. ही बातमी जगभर गेली आणि एप्रिल १९५४ मध्ये नेहरूंनी लोकसभेत मागणी केली की सगळ्या देशांनी निदान चाचण्या तरी थांबवाव्यात. तेव्हा आपल्याकडे बॉम्ब नव्हता, पण बोलायची हिंमत होती, मला याचा आजही अभिमान वाटतो.

रशियाने १९६१ मध्ये तर ५० मेगाटनचा उडवून दाखवला. लष्करी दृष्ट्या त्याचा फारसा उपयोग नव्हता, एवढा अवजड बॉम्ब घेऊन विमान लांबवर जाऊच शकत नव्हतं. तो दाखवण्यासाठीच होता.

शीतयुद्ध म्हणजे काय, थोडक्यात

दुसरं महायुद्ध अमेरिका आणि सोव्हिएत संघ (आपले लोक सरळ रशिया म्हणायचे, मीही तसंच म्हणतो) एकाच बाजूने लढले. हिटलर गेल्यावर युरोप कुणाच्या बाजूने जाणार यावरून भांडण सुरू झालं. बर्लिन शहर अर्धं अर्धं वाटलं गेलं. अमेरिकेला वाटत होतं बॉम्बचं गुपित बरीच वर्षं आपल्याकडेच राहील, पण ऑगस्ट १९४९ मध्ये कझाकस्तानात रशियाने स्वतःचा बॉम्ब उडवला, त्यात हेरांनी पोचवलेल्या माहितीचाही हात होता. तिथून पुढे चाळीस वर्षं दोघं एकमेकांशी थेट लढले नाहीत, पण दुसऱ्यांच्या अंगणात लढत राहिले, म्हणून शीतयुद्ध. १९८६ च्या सुमारास जगात ७०,००० च्या घरात अण्वस्त्रं होती. आज १२,००० च्या आसपास आहेत आणि त्यातली जवळजवळ नव्वद टक्के अजूनही याच दोघांकडे आहेत.

कडब्याच्या दोन गंजी

आता मुख्य कल्पना. इंग्रजीत तिला डेटरन्स म्हणतात, आपण धाक म्हणू.

दोन भावकीतले शेतकरी आहेत, बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडण. दोघांच्याही खळ्यात कडब्याची मोठी गंजी आहे, वर्षभराचा चारा, सगळं त्याच्यावर. आणि दोघांच्याही खिशात काडेपेटी. तू माझी गंजी पेटवलीस तर मी तुझी पेटवणार, हे दोघांनाही माहीत आहे, म्हणून कुणी पेटवत नाही. शिव्या देतात, कोर्टात जातात, एकमेकांचं पाणी अडवतात, पण काडी ओढत नाहीत. हा झाला धाक.

पण यात एक भोक आहे. समजा पहिल्याने रात्री गुपचूप जाऊन दुसऱ्याची गंजी, घर आणि काडेपेटी सगळं एकदम जाळलं, तर उलट पेटवणार कोण? म्हणजे धाक टिकायचा असेल तर मार खाल्ल्यानंतरही उलट मारायची ताकद शिल्लक राहिली पाहिजे आणि शेजाऱ्याला ते माहीतही असलं पाहिजे. समजा दुसऱ्याचा एक मुलगा कायम परगावी असतो, कधी मामाकडे कधी आत्याकडे, नेमका कुठे ते कुणालाच माहीत नाही आणि त्याच्या खिशात काडेपेटी आहे. मग इथलं सगळं जाळून उपयोग नाही, तो येऊन पेटवणारच.

हा परगावचा मुलगा म्हणजे अण्वस्त्रं घेऊन समुद्राखाली फिरणारी पाणबुडी. म्हणूनच मोठे देश बॉम्ब तीन ठिकाणी ठेवतात, विमानात, जमिनीवरच्या क्षेपणास्त्रांत आणि पाणबुडीत. आपली अरिहंत पाणबुडी याचसाठी आहे. १९६० च्या दशकापासून दोन्ही महासत्तांचा हिशोब हाच होता की कुणीही सुरुवात करो, शेवट दोघांचाही. याला परस्पर विनाशाची खात्री म्हणतात.

इथवर सगळं सरळ वाटतं. आता मावशीच्या वाक्याकडे येऊ.

घाबरलेला माणूस आणि घड्याळ

१९५० च्या दशकात बॉम्ब विमानातून जायचे, पोचायला कित्येक तास लागायचे आणि विमान वाटेतून परत बोलावता यायचं. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला. लोकांनी आकाशातला उपग्रह बघितला आणि लष्करवाल्यांनी त्याला वर नेणारं रॉकेट बघितलं, कारण तेच रॉकेट बॉम्ब घेऊन अमेरिकेत पोचू शकत होतं. जमिनीवरून सुटलेलं क्षेपणास्त्र एका खंडातून दुसऱ्या खंडात साधारण अर्ध्या तासात पोचतं आणि पाणबुडी जवळ आली असेल तर त्याच्याही निम्म्या वेळात. परत बोलावायची सोय नाही.

त्या अर्ध्या तासाचं काय होतं बघा. क्षेपणास्त्र सुटलंय हे उपग्रहाला दिसायला, ते खरं की खोटं तपासायला, प्रेसिडेंटला उठवायला आणि शेवटी निर्णय खालपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणजे प्रत्यक्ष विचार करायला उरतात जेमतेम दहा मिनिटं. आणि मनात एकच विचार, की थांबलो तर माझी जमिनीवरची क्षेपणास्त्रं जागच्या जागी जळतील, म्हणून ती आत्ताच सोडावीत का? हल्ला पोचायच्या आत, फक्त सूचनेवर क्षेपणास्त्रं सोडायची ही तयारी दोन्ही देशांनी ठेवली होती. ती अजूनही मोडीत निघालेली नाही.

म्हणजे युद्धासाठी कुणी वेडा माणूस लागतोच असं नाही. दोन शहाणी, घाबरलेली माणसं, कमी वेळ आणि एक चुकीची बातमी एवढं पुरेसं आहे.

ऑक्टोबर १९६२

आपल्याकडे जुन्या माणसांना १९६२ म्हटलं की चीन आठवतो. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले, नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असं आपण अजून म्हणतो. पण नेमक्या त्याच दिवसांत, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, जग संपायची वेळ आली होती आणि दिल्लीची हाक दोन्ही महासत्तांना धड ऐकूही येत नव्हती कारण त्यांचं सगळं लक्ष क्युबावर होतं.

झालं असं की रशियाने क्युबामध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दारात, गुपचूप अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं आणून ठेवली. अमेरिकेनेही आधीच तुर्कस्तानात, म्हणजे रशियाच्या दारात, आपली ठेवलेली होती हे विसरायचं नाही. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाने फोटो काढले, १६ ला ते अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या टेबलावर आले आणि पुढचे तेरा दिवस त्यांनी आपल्या सल्लागारांना घेऊन बैठका केल्या. सेनापती म्हणत होते बॉम्बफेक करा आणि मग सैन्य उतरवा. केनेडींनी आधी समुद्रातून नाकेबंदी करायचं ठरवलं, जहाजं अडवायची पण गोळी झाडायची नाही, आणि माझ्या मते त्या तेरा दिवसांतला हाच सगळ्यात शहाणा निर्णय होता, कारण त्याने दोघांनाही वेळ मिळाला.

अमेरिकेला काय माहीत नव्हतं ते ऐका. क्युबात रशियाचे दहा हजारांच्या आसपास सैनिक असतील असं त्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात चाळीस हजारांवर होते. आणि त्या सैन्याकडे रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रंही होती, हे अमेरिकेला बऱ्याच वर्षांनी कळलं. म्हणजे सेनापतींचं ऐकून सैन्य उतरवलं असतं तर किनाऱ्यावरच अण्वस्त्र फुटायची शक्यता होती आणि वॉशिंग्टनमध्ये हा हिशोब कुणाच्याच डोक्यात नव्हता.

२७ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी क्युबावर एक यू-२ पाडलं गेलं, पायलट मेजर अँडरसन गेला, आणि ते पाडायचा हुकूम मॉस्कोने दिलेला नव्हता, तिथल्याच अधिकाऱ्यांनी ठरवलं. त्याच दिवशी दुसरं एक यू-२ उत्तर ध्रुवाकडून येताना रस्ता चुकून थेट रशियाच्या हद्दीत घुसलं. आणि त्याच दिवशी समुद्राखाली बी-५९ नावाची रशियन पाणबुडी होती.

ही पाणबुडी डिझेलवर चालणारी, थंड समुद्रासाठी बांधलेली आणि आली होती उष्ण पाण्यात. आत ४५ अंशांच्या वर गरमी, बॅटरी संपत आलेली, हवा कोंदलेली, मॉस्कोशी कित्येक तास संपर्क नाही. वरून अमेरिकन युद्धनौका छोटे स्फोट करत होत्या. त्यांच्या दृष्टीने तो फक्त इशारा होता, "वर या" म्हणून, आणि या इशाऱ्याची पद्धत त्यांनी मॉस्कोला कळवलीही होती, पण ती माहिती पाणबुडीपर्यंत पोचलेली नव्हती. आतल्या माणसांना वाटलं वर युद्ध सुरू झालंय. आणि या पाणबुडीत एक अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो होता, जे अमेरिकनांना माहीत नव्हतं.

सोबतच्या एका अधिकाऱ्याने पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार कॅप्टन सावित्स्की संतापून टॉर्पेडो तयार करा म्हणाला. त्याच पाणबुडीवर योगायोगाने वासिली आर्खिपोव होता, सगळ्या पाणबुड्यांच्या ताफ्याचा चीफ ऑफ स्टाफ. तो नाही म्हणाला आणि त्याने कॅप्टनला शांत केलं. पाणबुडी वर आली, अमेरिकन जहाजांच्या उजेडात, आणि परत फिरली. वर्षभरापूर्वी आर्खिपोव अणुभट्टी बिघडलेल्या के-१९ पाणबुडीवर होता, किरणोत्सर्गाने आपली माणसं कशी मरतात ते त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. त्याचा त्या क्षणी किती वाटा होता कोण सांगणार, पण मला तो विचार सोडत नाही. जगाला ही गोष्ट २००२ मध्ये कळली, तोवर आर्खिपोव जाऊन काही वर्षं झाली होती.

शेवट असा झाला की रशियाने क्युबातून क्षेपणास्त्रं काढली, अमेरिकेने क्युबावर हल्ला न करायचा शब्द दिला आणि तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रंही काढू असं गुपचूप कबूल केलं. ही दुसरी अट बरीच वर्षं लपवली गेली, त्यामुळे एका पिढीने चुकीचा धडा घेतला की ताठ उभं राहिलं की समोरचा वाकतो. प्रत्यक्षात दोघंही वाकले होते.

सायकलवर जाणारा निरोप

या तेरा दिवसांतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. वॉशिंग्टनमधल्या रशियन वकिलातीला मॉस्कोला निरोप पाठवायचा तर तार कंपनीचा पोरगा सायकलवर यायचा आणि मजकूर घेऊन जायचा, हे तेव्हाच्या राजदूतांनीच पुढे लिहून ठेवलंय. पोरगा वाटेत रेंगाळला तर काय, ही त्यांची काळजी. रशियाचे नेते क्रुश्चेव यांचं २६ ऑक्टोबरचं लांब पत्र वॉशिंग्टनमध्ये पूर्ण हातात यायला जवळपास बारा तास लागले. क्षेपणास्त्राला अर्धा तास आणि समजुतीच्या पत्राला बारा तास. शेवटचा होकार तर रेडिओ मॉस्कोवर वाचून दाखवला गेला, वेळ वाचावा म्हणून.

म्हणून १९६३ मध्ये हॉटलाइन सुरू झाली. सिनेमात लाल फोन दाखवतात तसा फोन नव्हता, टेलिप्रिंटर होता, मजकूर टाइप होऊन जायचा. मुद्दाम तसं ठेवलं, कारण फोनवर आवाज चढतो, भाषांतर चुकतं, आणि लिहिलेलं वाचायला माणूस दोन मिनिटं जास्त घेतो.

मशीनने खोटं सांगितलं तेव्हा

आता कुणी म्हणेल, ते जुन्या काळातलं, नंतर कॉम्प्युटर आले, सगळं पक्कं झालं. उलट झालं. ९ नोव्हेंबर १९७९ ला अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्राच्या स्क्रीनवर रशियाचा प्रचंड हल्ला दिसला, लढाऊ विमानं वर गेली, आणि मग कळलं की सरावासाठी बनवलेला खोटा हल्ला खऱ्या यंत्रणेत सुरू झाला होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये पुन्हा तसंच, तेव्हा दोष निघाला पन्नास सेंटपेक्षाही स्वस्त अशा एका चिपमध्ये.

२६ सप्टेंबर १९८३ ची रात्र सगळ्यात नाजूक होती. त्याच महिन्याच्या १ तारखेला रशियाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, २६९ माणसं गेली होती, दोन्ही बाजू भडकलेल्या. मॉस्कोच्या दक्षिणेला एका गुप्त केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव ड्युटीवर होता. उपग्रहाने सांगितलं अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र सुटलं. मग दुसरं, अशी एकूण पाच. नियम होता की वर कळवायचं. पेत्रोवने विचार केला की खरंच युद्ध सुरू करणारा पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल, शिवाय यंत्रणा नवीन आहे आणि जमिनीवरच्या रडारला काही दिसत नाहीये. त्याने वर कळवलं, यंत्रणेत बिघाड आहे. त्याला खात्री नव्हती, त्याने अंदाज केला आणि मग पंधरा-वीस मिनिटं वाट बघितली. उंच ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश उपग्रहाला क्षेपणास्त्राचा जाळ वाटला होता.

आणि शीतयुद्ध संपल्यावरही, जानेवारी १९९५ मध्ये, नॉर्वेने ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी रॉकेट सोडलं. नॉर्वेने रशियाला आधी कळवलं होतं, पण ते पत्र रडारवर बसलेल्यांपर्यंत पोचलंच नाही, त्यांना ते क्षेपणास्त्र वाटलं. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्रांच्या हुकुमाची सुटकेस उघडली गेली. सुदैवाने तेव्हा अमेरिका आणि रशियाचं बरं चाललं होतं, येल्त्सिन थांबले. हीच घटना १९८३ मध्ये घडली असती तर?

मग करार कशासाठी

करार म्हणजे दोस्ती असं आपल्याला वाटतं. दोस्तांना कराराची गरजच नसते, हे करार एकमेकांवर अजिबात विश्वास नसलेल्यांनी केले. त्यांचा खरा उपयोग दोन गोष्टींसाठी होता, वेळ वाढवायचा आणि समोरच्याकडे काय आहे ते दिसत ठेवायचं.

१९८७ चा करार बघा, रेगन आणि गोर्बाचेव यांचा. युरोपात दोन्हीकडे मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं होती, मॉस्कोला भीती होती की ती दहा मिनिटांच्या आत येऊन पडतील. करारात ती सगळी, २,६९२ क्षेपणास्त्रं, एकमेकांच्या माणसांसमोर तोडली. यामुळे विचार करायला वेळ परत मिळाला. २०१९ मध्ये अमेरिका या करारातून बाहेर पडली, रशियाने तो आधीच मोडला असा आरोप करून.

न्यू स्टार्ट २०१० चा, ओबामा आणि मेदवेदेव यांनी प्रागमध्ये सही केलेला. प्रत्येकी १,५५० तैनात वॉरहेडची मर्यादा (वॉरहेड म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकाला बसवलेला बॉम्ब). पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की दोघांचे इन्स्पेक्टर वर्षाला अठरा वेळा एकमेकांच्या तळांवर जाऊन मोजू शकत होते आणि वर्षातून दोनदा याद्यांची देवाणघेवाण व्हायची. कोविडमध्ये तपासण्या थांबल्या त्या थांबल्याच, युक्रेन युद्धात २०२३ मध्ये रशियाने सहभाग स्थगित केला. मुदत एकदाच वाढवायची सोय होती, ती २०२१ मध्येच वापरून झाली होती. म्हणून आता पन्नासहून जास्त वर्षांत पहिल्यांदाच या दोघांच्या मोठ्या अण्वस्त्रांवर एकही बांधील मर्यादा नाही.

लगेच उद्या युद्ध होईल असं अजिबात नाही. पण समोरच्याच्या खळ्यात काय आहे हे दिसायचं बंद झालं की माणूस वाईटात वाईट धरून चालतो. त्यात चीनकडेही आता सहाशेच्या आसपास वॉरहेड झालेत आणि वाढतायत, आणि तो अशा कुठल्याच करारात कधी नव्हता.

"येणारी क्षेपणास्त्रं हवेतच पाडा ना"

हा प्रश्न हमखास येतो. परत गंजीकडे चला. समजा एका शेतकऱ्याने गंजीवर पक्की पत्र्याची शेड बांधली, आता ती पेटूच शकत नाही. तो म्हणेल मी फक्त स्वतःचं रक्षण करतोय. पण शेजाऱ्याला काय दिसतं? की आता हा माझी गंजी बिनधास्त जाळू शकतो. मग तो शेड पूर्ण व्हायच्या आधीच काहीतरी करायचा विचार करेल, किंवा दहा पट काड्या जमा करेल. म्हणूनच १९७२ मध्ये दोघांनी चक्क करार करून संरक्षण यंत्रणांवर मर्यादा घातली, ऐकायला उलटं वाटतं पण त्याच्यामागे हे कारण होतं. अमेरिका २००२ मध्ये त्यातून बाहेर पडली. आणि खरं तर शेकडो क्षेपणास्त्रं एकदम आली तर सगळी अडवेल अशी शेड अजून कुणाकडेच नाही.

"पण बॉम्बमुळेच तर शांतता राहिली"

कुणाची शांतता? कोरियात १९५० ते ५३, मग व्हिएतनाम, मग अफगाणिस्तान, लाखो माणसं मेली. रेड्यांची टक्कर चालू असताना झुडपं तुडवली जातात तसं. वॉशिंग्टन आणि मॉस्को शाबूत राहिली एवढंच खरं. धाकाचा काहीच उपयोग झाला नाही असं मी म्हणत नाही, दोन्ही बाजूंचे नेते १९६२ मध्ये बॉम्बला घाबरूनच मागे सरले. पण आर्खिपोव बी-५९ वर नसून दुसऱ्या पाणबुडीवर असता तर आपण आज धाकाचं कौतुक करायला असतो का? घाटात दहा वेळा ब्रेक फेल होऊन गाडी वाचली तर आपण ब्रेक चांगले आहेत असं म्हणत नाही.

"सगळे बॉम्ब नष्टच करून टाका मग"

दक्षिण आफ्रिकेने स्वतःचे सहा बॉम्ब तोडले, असं करणारा तो एकटाच देश. युक्रेन, कझाकस्तान आणि बेलारूसने सोव्हिएत संघ फुटल्यावर आपल्या जमिनीवर उरलेली अण्वस्त्रं १९९६ पर्यंत रशियाला परत दिली. युक्रेनला १९९४ मध्ये बदल्यात कागदावर हमी मिळाली की तुमच्या सीमांचा मान राखू, आणि हमी देणाऱ्यांत रशियाही होता. पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत. यातून छोटे देश काय शिकले असतील याचं मला वाईट वाटतं. मला स्वतःला सगळे बॉम्ब गेलेले हवेत, पण बनवायचं ज्ञान पुसता येत नाही, म्हणून एकमेकांचं मोजायची, तपासायची सवय आधी लागते, आणि आपण सध्या नेमकी तीच गमावतोय.

आपल्याकडे अर्धा तासही नाही

अमेरिका-रशियाला निदान तीस मिनिटं आहेत. भारत आणि पाकिस्तानच्या मध्ये समुद्र नाही, क्षेपणास्त्र दहा मिनिटांच्या आत पोचतं. आपलं धोरण आहे की अण्वस्त्र पहिल्यांदा आपण वापरणार नाही, आणि बॉम्ब व क्षेपणास्त्र आपण बराच काळ वेगवेगळे ठेवले असं मानलं जातं. त्या वेगळं ठेवण्यातूनच वेळ मिळतो. पाकिस्तानचं पहिल्यांदा न वापरायचं धोरण नाही.

९ मार्च २०२२ ला आपलं एक क्षेपणास्त्र देखभाल चालू असताना चुकून सुटलं आणि पाकिस्तानात शंभर किलोमीटरहून जास्त आत, मियां चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, कुणी दगावलं नाही. आपल्या सरकारने चूक झाल्याचं जाहीर केलं ते ११ मार्चला, दोन दिवसांनी. पुढे चौकशी होऊन तीन अधिकाऱ्यांना काढलं. पाकिस्तानने त्या दिवशी उलट काही सोडलं नाही, आणि तिथेही कुणीतरी स्क्रीनसमोर बसून थांबायचं ठरवलं असणार, त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही.

दोन्ही देशांत लष्करी अधिकाऱ्यांची हॉटलाइन आहे, १० मे २०२५ ला लढाई थांबली ती त्याच लाइनवरच्या बोलण्यानंतर. बॅलिस्टिक मिसाईलची (म्हणजे रॉकेटसारखं उंच जाऊन खाली कोसळणाऱ्या क्षेपणास्त्राची) चाचणी करायची तर आधी कळवायचं असा २००५ चा करार आहे. पण २०२२ ला सुटलेलं क्रूझ जातीचं, म्हणजे विमानासारखं उडत जाणारं होतं, ते या करारात येतच नाही.

आणि एक जुना करार आहे, डिसेंबर १९८८ चा, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या वेळचा, की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यानुसार दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. पहिली यादी १९९२ ला दिली. मग कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, मुंबईत २६/११ झालं, आणि जेमतेम पाच आठवड्यांनी, १ जानेवारी २००९ ला, दिल्ली आणि इस्लामाबादमध्ये एकाच वेळी ती यादी ठरल्याप्रमाणे हातात दिली गेली.